पोपटाच्या बाजूने

१८६५च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. सोबत मुलगी मेरी होती आणि मेरीच्या सोबतीला ॲना लिबराटा डिसूझा ही आया. आयाबाईंचं घराणं मूळचं लिंगायत, पुढे गोव्याजवळ येऊन राहिलेलं, आजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालेलं. प्रवासात मेरीनं त्यांना गोष्टी सांगायला लावलं आणि त्या लिहून घेतल्या. १८६८मध्ये लंडनला त्यांचं पुस्तक निघालं, 'ओल्ड डेक्कन डेज'. त्यातली पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची आहे.

पंचकिननं बालना नावाच्या राजकन्येला मनोऱ्यात कोंडून ठेवलंय, तिच्या नवऱ्याचा दगड केलाय. तिचा मुलगा मोठा होऊन तिला शोधत येतो. मग बालना पंचकिनशी लग्नाला तयार झाल्याचं सोंग करते आणि गोड बोलून त्याच्याकडून गुपित काढून घेते. दूर घनदाट जंगलात ताडांच्या झाडांचं रिंगण, रिंगणाच्या मधोमध एकावर एक रचलेले पाण्याचे सहा घडे, सगळ्यात खाली एक पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. पोपट मेला की पंचकिन मेला. मुलगा पोपट घेऊन येतो. त्याचा एक पंख उपटला की पंचकिनचा एक हात गळून पडतो, पाय ओढला की पाय. शेवटी मान पिरगाळली की जादूगार संपतो.

ही गोष्ट मी गेल्या उन्हाळ्यात माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला सांगितली. तिचे हॅरी पॉटरचे सहा भाग वाचून झाले होते, सातवा उशाशी होता. मला वाटलं, ती म्हणेल, "मामा, हे तर हॉरक्रक्स!" तसं ती म्हणालीच. (हॉरक्रक्स म्हणजे त्या मालिकेत जिवाचा तुकडा ज्यात लपवून ठेवतात ते.) पण त्याआधी तिनं विचारलं, "पण पोपटाचं काय चुकलं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. लहानपणी राक्षसाचा जीव पोपटात असल्याच्या गोष्टी मीही ढीगभर ऐकल्या, आणि दर वेळी राक्षस मेला म्हणून टाळ्या पिटल्या. पोपटाकडे कधी पाहिलंच नव्हतं. तिचा प्रश्न घेऊन मी जे. के. रोलिंगच्या मालिकेचे सातही भाग पुन्हा वाचायला बसलो, १९९७च्या पहिल्या भागापासून २००७च्या शेवटच्या भागापर्यंत.

लोकसाहित्याचे अभ्यासक अशा फिरून फिरून येणाऱ्या घटकांना कल्पनाबंध म्हणतात. स्टिथ थॉम्पसन या अमेरिकन अभ्यासकानं त्यांची मोठी सूची केली. तिच्यात देहाबाहेर ठेवलेल्या जिवाला स्वतंत्र क्रमांक आहे, ई ७१०. रशियन लोककथांतल्या कोशेईचा जीव सुईत असतो, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात. त्यामुळे रोलिंगनं हे कुठून उचललं, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. असे कल्पनाबंध गावच्या विहिरीसारखे असतात, कोणीही येऊन पाणी शेंदावं. बघायचं ते एवढंच, की शेंदलेल्या पाण्याचं पुढे काय केलं.

पंचकिनला पोपटात जीव ठेवायला काय पडलं, हे गोष्ट सांगत नाही. बहुधा काहीच नाही. आपण दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो तसा त्यानं जीव ठेवला. रोलिंगनं नेमकं इथे हात घातला. हॅरीचा वैरी व्होल्डेमॉर्ट, त्याला जिवाचा तुकडा बाहेर काढायचा तर खून करावा लागतो, कारण खुनानंच जीव फाटतो. डायरी, अंगठी, लॉकेट, पेला, मुकुट, नागीण असे सहा तुकडे तो मुद्दाम करतो, आणि प्रत्येक तुकड्यागणिक त्याच्यातला माणूस कमी होत जातो. देखणा, हुशार टॉम रिडल, म्हणजे तरुणपणचा व्होल्डेमॉर्ट, शेवटी नाक नसलेला, सापासारखा झालेला आपण पाहतो, ते याच हिशेबानं. जुन्या गोष्टीत राक्षस जन्मतःच राक्षस असतो. इथे तो तुकड्यातुकड्यानं होतो आणि वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांदेखत होतो.

बालनानं गुपित काढून घेतलं, तसा प्रसंग हॅरी पॉटरच्या सहाव्या भागातही आहे. हॉरक्रक्सचं गुपित स्लगहॉर्न या म्हाताऱ्या शिक्षकाकडे आहे. विद्यार्थी असलेल्या रिडलला आपणच ते सांगितलं, याची त्याला इतकी लाज वाटते, की त्यानं स्वतःच्या आठवणीत फेरफार करून ठेवलाय. हॅरी त्याला दारू पाजून, आपल्या मेलेल्या आईची आठवण काढून ती खरी आठवण मिळवतो. पंचकिन प्रेमात भुलून बोलतो, स्लगहॉर्न लाजेच्या ओझ्याखाली बोलतो. या प्रकरणासाठी मी सहावा भाग पुन्हा पुन्हा वाचेन.

बाकीचे साचे कुठून आले हे शोधायला लांब जावं लागत नाही. हॉस्टेलची शाळा, तिथली घराणी, खेळाचे सामने, एक छळवादी मुलगा, एक कडक पण न्यायी बाई, हा सगळा संसार इंग्रजी बालसाहित्यात १८५७च्या 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज'पासून चालत आलाय. एनिड ब्लायटनच्या मॅलरी टॉवर्सच्या सहा पुस्तकांनी तो घरोघर पोचवला. जादूची शाळाही रोलिंगची पहिली नाही. उर्सुला ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये १९६८ सालीच रोक बेटावर ती आहे. छळणाऱ्या नातेवाइकांच्या घरातलं पोरकं पोर डिकन्सपासून रोआल्ड डालपर्यंत सगळीकडे भेटतं.

पोरकेपण हा मुलांच्या गोष्टीतला सगळ्यात सोयीचा साचा. आईबाप असले की ते रात्री नऊला झोपायला लावणार, मग साहस कुठून घडणार? बहुतेक लेखक आईबापांना पहिल्या पानावर मारतात आणि विसरून जातात. डालच्या जेम्सचे आईबाप तर भर लंडनमध्ये एक गेंडा खाऊन टाकतो. रोलिंग मात्र हॅरीला विसरू देत नाही. पहिल्या भागातला आरशाचा प्रसंग आठवा. रिकाम्या वर्गात तो उंच आरसा आहे. हॅरी त्यासमोर उभा राहतो आणि आरशात त्याच्या मागे माणसंच माणसं दिसतात. हिरव्या डोळ्यांची आई, विस्कटलेल्या केसांचा बाप, आणि त्यांच्यामागे कुणाचं नाक, कुणाचे गुडघे अगदी त्याच्यासारखे. तो वळून मागे पाहतो, खोली रिकामी. दुसऱ्या रात्री तो आपल्या मित्राला, रॉनला, ओढून आणतो. रॉनला आईबाप दिसत नाहीत, दिसतो तो स्वतः, शाळेचा विद्यार्थी-प्रमुख आणि हातात क्विडिच या खेळाचा करंडक. भरल्या घरातल्या सहाव्या मुलाला काय हवं असतं आणि नातेवाइकांच्या घरी कपाटात वाढलेल्या मुलाला काय, हे त्या एका काचेत कळतं. हॅरी तिसऱ्या रात्रीही तिथे जाऊन बसतो. साहसाची सोय म्हणून आलेला साचा असा दुखायला लागतो, तेव्हा ती गोष्ट माझ्या दृष्टीनं मोठी होते.

याच पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मला ते फार आवडतं, पण त्यात अर्थाची एक कड निसटते. आपल्या परिसानं लोखंडाचं सोनं होतं, तेवढंच. इथल्या दगडातून दीर्घायुष्याचं पेयही निघतं, आणि व्होल्डेमॉर्टला हवं असतं ते पेय, सोनं नव्हे. आपल्याकडे परीस वेगळा आणि अमृत वेगळं. तेव्हा मालिकेचा मूळ विषय मरणाची भीती आहे हे पहिल्याच नावात सुचतं, ते मराठी वाचकाला जरा उशिरा कळतं.

भविष्यवाणीचा साचा आपल्याला सांगायलाच नको. आकाशवाणी झाली, कंसानं देवकीची मुलं मारली आणि आठवा वाचला. रोलिंगची भविष्यवाणी मात्र नाव घेत नाही. जुलै सरताना जन्मलेलं मूल, एवढंच ती सांगते आणि तशी मुलं दोन असतात, हॅरी आणि नेव्हिल लाँगबॉटम. व्होल्डेमॉर्ट त्यातला एक निवडतो, त्याच्यावर चालून जातो, आणि तसं करून आपला वैरी स्वतःच घडवतो. हे कळतं पाचव्या भागात. तोवर आपण नेव्हिलला विसराळू, गुबगुबीत, बेडूक हरवणारा मुलगा म्हणून पाहिलेलं असतं, आणि अचानक लक्षात येतं, की हॅरीच्या कपाळावर त्या हल्ल्यात उमटलेला व्रण त्याच्याही कपाळी येऊ शकला असता.

या मालिकेचं दुखणंही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. सगळं ठाऊक असलेला म्हातारा गुरू हा साचा रोलिंगला पेलला नाही. जवळपास प्रत्येक भागाच्या शेवटी शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर हॅरीला समोर बसवतात आणि काय झालं, का झालं ते समजावून सांगतात. पाचव्या भागात हॅरीच्या बापाचा मित्र सिरियस मेल्यावर ते कबूल करतात, की भविष्यवाणी मी तुझ्यापासून लपवली, तुझ्या काळजीपोटी लपवली. हॅरी त्यांच्या खोलीतल्या वस्तू फोडतो. भाचीला हे आठवलं की ती अजून चिडते, "मग आधीच का नाही सांगितलं?" कथेच्या आत याचं उत्तर प्रेम असं दिलंय. कथेच्या बाहेरचं उत्तर असं, की आधी सांगितलं असतं तर पाचवा भाग निम्म्यात संपला असता. लेखिकेची अडचण पात्राच्या स्वभावावर ढकलली, की मुलांना ते लगेच जाणवतं.

दुसरं दुखणं रूपाचं. हॅरीचा मावसभाऊ डडली जाडा आणि म्हणून हावरा, त्याच्या बापाला मानच नाही, शिक्षिका अंब्रिज बेडकासारखी. चेहऱ्यावरून माणूस ओळखायला शिकवणारी ही सवय जुन्या परीकथांमधून आली आणि रोलिंगनं ती फारशी तपासली नाही. स्नेप या शिक्षकाच्या बाबतीत तिनं ती उलटवली. तेलकट केस, बाकदार नाक, दुष्टाचं पुरतं सोंग, आणि आत दुसराच माणूस. पण एका स्नेपनं बाकीच्यांचं भरून निघत नाही. घरकामी एल्फांचंही तसंच. हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्या सुटकेसाठी संघटना काढते आणि कथा तिची थट्टा करते. बहुतेक एल्फांना गुलामीच आवडते असं दाखवून विषय बाजूला सारला जातो. अकरा-बारा वर्षांच्या वाचकाच्या मनात ही गोष्ट काय पेरते, याचा मला घोर वाटतो.

व्होल्डेमॉर्टपेक्षा अंब्रिजच मुलांना जास्त भिववते, असा माझा अनुभव आहे. ती मुलांना एका लेखणीनं शिक्षेच्या ओळी लिहायला लावते, आणि त्या ओळी लिहिणाऱ्याच्या हातावर कोरल्या जातात, शाई म्हणून त्याचंच रक्त. राक्षसांच्या कोणत्याही सूचीत ती बसत नाही. अधिकाराच्या खुर्चीवर बसून गोड हसणारी माणसं मुलांनी पाहिलेली असतात.

रोलिंगनंतर या कथाप्रकाराला पूर आला. पुष्कळांनी फक्त टरफल घेतलं. निवडलेलं मूल, दोन मित्र, त्यातली एक हुशार मुलगी, शाळा किंवा छावणी, शेवटी मोठं युद्ध. रिक रायर्डनच्या पर्सी जॅक्सनमध्ये (पहिला भाग २००५) हे सगळं आहे, तरी मला ती मालिका मानाची वाटते, कारण तिची गरज खरी होती. रायर्डनच्या मुलाला वाचनाची अडचण होती, लक्ष एका जागी टिकत नव्हतं, आणि बापानं त्याच्यासाठी असा नायक रचला, ज्याला इंग्रजी अक्षरं नाचताना दिसतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलाय. वर्गात ज्याला मठ्ठ म्हणतात, त्याच्यासाठी निवडलेपणाचा साचा इथे औषधासारखा वापरलाय. रोशनी चोक्शीच्या आरू शाह मालिकेत (२०१८पासून) पांडवांचे आत्मे आजच्या अमेरिकेत मुलींच्या रूपानं येतात. कल्पना मला आवडली, पण तिथे विनोद इतक्या घाईनं येतो, की पांडव असण्याचं दुःख मुलींच्या वाट्याला फारसं येत नाही. महाभारतातून ते दुःख वजा केलं, तर शिल्लक राहतात ती शस्त्रांची नावं.

ल ग्विनच्या नायकाला, गेडला, आठवून मी परत पोपटाकडे येतो. गेड गर्वानं एक सावली मोकळी सोडतो, तिच्यापासून पळतो, मग तिचा पाठलाग करतो, आणि अखेर तिला स्वतःच्याच नावानं हाक मारतो. वैरी आपल्यातच आहे, हे ल ग्विननं एका छोट्या पुस्तकात सांगितलं. रोलिंगला त्यासाठी सात भाग लागले, पण तिनं ते पोपटाच्या गोष्टीतून सांगितलं. व्होल्डेमॉर्टनं ठरवून केलेले तुकडे सहाच. बाळ हॅरीवर तो चालून गेला त्या रात्री आणखी एक तुकडा त्याच्याही नकळत उडाला आणि घरात जिवंत उरलेल्या एकुलत्या एका बाळाला जाऊन चिकटला. राक्षसाच्या जिवाच्या शोधात गावोगाव भटकलेल्या मुलाला शेवटच्या भागात कळतं, की एक पिंजरा आपणच आहोत.

तो पळत नाही. जंगलाकडे चालत जातो. मेलेले आईबाप, त्यांचे मित्र सिरियस आणि लुपिन त्याच्या दोन्ही बाजूंनी चालतात. आरशात दिसलेले ते आईबाप आता त्याला मरणापर्यंत सोबत करतात. आपल्या गोष्टीतल्या राजपुत्रानं पोपटाची मान पिरगाळताना त्याच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. इथे राजपुत्र आणि पोपट एकच आहेत, त्यामुळे पाहणं टळत नाही. (पुढे किंग्ज क्रॉस स्टेशनासारख्या पांढऱ्या धुक्यात डंबलडोर पुन्हा समजावून सांगायला बसतात, ते नसतं तर बरं झालं असतं.)

भाचीनं सातवा भाग रात्री अकराला संपवला आणि पुस्तक छातीशी धरून ती माझ्या खोलीत आली. हॅरी जंगलात जाण्याआधी नेव्हिलला गाठून सांगतो, की नागिणीला मारायला हवं, का ते सांगत नाही. पुढे नेव्हिल तलवार घेऊन ते करतो. भाची पलंगाच्या कडेवर बसली. "नेव्हिलनंच केलं," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहून तिनं विचारलं, "आणि नागिणीला कुणी विचारलं होतं का?"