काळी माती, पांढरा कापूस आणि करडा मीटर

व्यावसायिक छायाचित्रकाराने कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवावा की ‘मॅन्युअल’वर, हा वाद आपल्याकडे बहुधा मर्दुमकीच्या भाषेत चालतो. ‘एम’वर काढतो तोच खरा फोटोग्राफर, असे एक पक्ष म्हणतो. अक्षता पडायच्या क्षणी शटर आणि अ‍ॅपर्चर जुळवत बसलात तर लग्न लागून जाईल, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष कॅमेऱ्यावरच्या तबकडीबद्दल बोलतात; तिच्यातून निघालेल्या छायाचित्राबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

गेली काही वर्षे मी अमरावती आणि अकोल्याच्या घरांतले लग्नाचे अल्बम, बंद पडलेल्या स्टुडिओंमधल्या निगेटिव्हच्या डब्या आणि वृत्तपत्रांची कात्रणे पाहत आलो आहे. छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण माझ्याजवळ नाही. पाहणे आणि पाहिलेल्याची टाचणे ठेवणे, एवढीच माझी साधना. त्या पाहण्यातून जे हाती लागले ते असे : हा वाद कौशल्याचा नाही, अधिकाराचा आहे. चित्रात काय उजळ दिसावे आणि काय अंधारात जावे हे कोणी ठरवायचे, असा खरा प्रश्न आहे. वऱ्हाडात तो लवकर अंगावर येतो, कारण आपल्या मुलखाचे जे दोन मुख्य रंग, तेच कॅमेऱ्याच्या मीटरला पटत नाहीत.

मीटरचे गृहीतक

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसते. म्हणून त्याच्या निर्मात्यांनी एक गृहीतक धरले : जगातल्या कोणत्याही दृश्याची गोळाबेरीज केली तर ती मध्यम करड्या रंगाची निघेल, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी ढोबळमानाने 18 टक्के उजेड परत फेकणारी. हिरवळ, डांबरी रस्ता, विटांची भिंत, थोडे आकाश असे दृश्य असेल तर हे गृहीतक उत्तम चालते.

आता दिवाळीनंतरच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात या. समोर कापसाची गंजी. कापसाचा रंग प्रयोगशाळेत यंत्रावर मोजतात आणि त्याच्या परावर्तनाचा आकडा चांगल्या रुईसाठी 70 ते 80 टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे मीटरच्या अपेक्षेच्या चौपट. मीटर समजतो की उजेड फार आहे, आणि एक्स्पोजर सुमारे दोन स्टॉप कमी करतो. गंजी राखोंडी होते. गंजीवर उभ्या असलेल्या, मुळातच उन्हाने रापलेल्या माणसाचा चेहरा काळा डाग होतो.

याच्या उलट प्रकार मृगाच्या सरीनंतर. ओल्या काळ्या मातीचे वावर चौकट भरून घेतले की मीटरला उजेड कमी वाटतो. तो एक्स्पोजर वाढवतो आणि आपली काळी कसदार जमीन धुरकट, मुरमाड दिसू लागते. पांढऱ्याची राख आणि काळ्याचीही राख. ज्या कापसामुळे अमरावतीचे नाव ‘ऊमरा’ या रूपात लिव्हरपूलच्या बाजारात चालले, तो कापूस आणि तो पिकवणारी माती, दोन्ही स्वयंचलित कॅमेऱ्याच्या लेखी अपवाद आहेत. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्याची गतही हीच होते.

यंत्रे सुधारली नाहीत असे नाही. एक्स्पोजर आपोआप ठरवणारा पहिला कॅमेरा कोडॅकने 1938 साली विकायला काढला. 1983 च्या निकॉन एफए या कॅमेऱ्याने चौकटीचे पाच भाग पाडून, त्यांची आपापसांत तुलना करून निर्णय घ्यायला सुरुवात केली. आजचे कॅमेरे चेहरा ओळखतात आणि त्याला झुकते माप देतात. तरी तत्त्व तेच राहते. समोरचे दृश्य पूर्वी पाहिलेल्या दृश्यांपैकी कशासारखे आहे, याचा तो अंदाज असतो. सरासरी अधिक हुशार झाली, इतकेच.

जुना नियम सूर्याकडे पाहत होता

मग जुन्या, हाताने चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या काळात सगळे छायाचित्रकार विचार करून चित्र काढत होते काय? डब्यांमधल्या निगेटिव्ह तसे सांगत नाहीत. फिल्मच्या खोक्यासोबत एक तक्ता येई : कडक ऊन, पातळ ढग, दाट ढग, सावली, प्रत्येकासमोर आकडे. कडक उन्हात अ‍ॅपर्चर 16 आणि शटर फिल्मच्या वेगाइतके, हा नियम जगभर पाठ होता. फ्लॅशच्या पाठीवर अंतर आणि अ‍ॅपर्चरची चकती असे. लग्नातले जवळपास सगळे फोटो दहा फुटांवरून, एकाच अ‍ॅपर्चरने निघत. बोहल्यावरची जोडी, पंगत, विहिणींचा घोळका, सगळे एका मापाने. कॅमेरा मॅन्युअल होता, माणूस ऑटोवर होता.

पण त्या पाठ नियमात एक शहाणपण होते आणि ते आज विसरले गेले आहे. तो नियम वस्तूकडे पाहतच नव्हता, सूर्याकडे पाहत होता. किती उजेड परत आला यापेक्षा किती उजेड पडतो आहे याचे ते गणित होते. त्यामुळे त्या मापाने काढलेल्या चित्रात कापूस पांढरा राही, माती काळी राही आणि माणूस जसा सावळा तसा सावळा राही. आमच्या उन्हाला तर हे गणित फारच सोसते. मार्चपासून जूनपर्यंत अकोल्याच्या आकाशात ढगाचा प्रश्न क्वचितच येतो. जुन्या कृष्णधवल चित्रांत वऱ्हाडी माणसाच्या चेहऱ्याचा जो भरीव काळसर पोत दिसतो, त्याचे श्रेय आपण छायाचित्रकाराच्या प्रतिभेला देतो. पुष्कळदा ते त्या साध्या तक्त्याचे असते.

हा पोत मग गेला कुठे? माझ्या पाहण्यात तो रंगीत छपाईबरोबर गेला. रंगीत लॅबमधले छपाईयंत्र निगेटिव्हची सरासरी काढून तिला पुन्हा करड्याकडे ओढीत असे. छायाचित्रकाराने कापूस पांढरा राहील असे काढले तरी लॅबचे यंत्र त्याची परत राख करी. चालवणाऱ्याने बटण दाबून सुधारणा केली तरच तो वाचे. कॅमेऱ्यावर ‘मॅन्युअल’ असणे म्हणजे निर्णय आपल्या हाती असणे, असे मानणाऱ्यांनी ही मधली पायरी ध्यानात घ्यावी. निर्णय साखळीत होतो आणि साखळीतला एक दुवाही ऑटोवर असला तर आधीचा निर्णय पुसला जातो.

चेहऱ्याचा प्रश्न

इथपर्यंतचा विषय कापूस आणि मातीचा आहे. खरी अडचण माणसापाशी सुरू होते.

रंगीत फिल्मच्या छपाईचा रंग जुळवायला कोडॅक लॅबना एक नमुना-चित्र पुरवीत असे. त्यावर बहुतेक काळ गोऱ्या स्त्रीचा चेहरा होता आणि त्या कार्डाला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास लिहिला आहे. गडद रंगांचे बारकावे फिल्ममध्ये नीट येत नाहीत, ही तक्रार ऐकली गेली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरची जाहिरात करणाऱ्यांमुळे, असे त्यांच्या अभ्यासात येते. काळ्या-सावळ्या माणसांच्या फोटोंमुळे नव्हे. 2021 साली गुगलने आपल्या फोनच्या कॅमेऱ्यात गडद त्वचेसाठी ‘रिअल टोन’ नावाची स्वतंत्र सुधारणा आणली. म्हणजे इतकी वर्षे काहीतरी चुकत होते, हे उद्योगानेच मान्य केले. ‘स्वयंचलित’ म्हणजे ‘निःपक्ष’ नव्हे. ते दुसऱ्या कोणाचे तरी मत असते, आधीच ठरवून पेटीत भरलेले. विलेम फ्लुसर यांनी छायाचित्रणाच्या तत्त्वज्ञानावरच्या 1983 च्या पुस्तकात हेच मांडले : कॅमेऱ्यात एक कार्यक्रम आधीच लिहिलेला असतो, बहुतेक जण तो पार पाडतात आणि स्वतंत्र छायाचित्रकार त्याच्याविरुद्ध खेळतो.

आता आपल्या वृत्तपत्रांतली कात्रणे पाहा. शेतकरी आत्महत्येच्या बातमीसोबत येणाऱ्या चित्राचा एक साचा झाला आहे. मातीच्या घराचे दार, बाहेर पेटलेले ऊन, उंबऱ्यात बसलेली बाई. मीटर उन्हाला मानतो आणि बाईचा चेहरा सावलीत बुडतो. वर्षानुवर्षे ही चित्रे छापून इतकी अंगवळणी पडली की तो अंधार आपल्याला दुःखाची शैली वाटू लागला. त्यातली काही चित्रे खरोखर विचारपूर्वक काढलेली आहेत. चेहरा झाकण्याचा हेतू त्यांच्या मांडणीतून कळतो. पण अनेक चित्रांत बाहेरच्या भिंतीवरचा चुना अगदी नेमका आला आहे, गवऱ्यांवरची बोटे मोजता येतात, आणि बाईला डोळे नाहीत. तिथे भिंतीची निवड कोणी केली? बातमीत तिचे नाव असते, गाव असते, कर्जाचा आकडा असतो. चित्र मात्र तिला अनोळखी करून सोडते.

याचे दुसरे टोक लग्नाच्या अल्बममध्ये आहे. तिथे चेहरा दिसतो, पण तो नवरीचा नसतो. फोनचा सौंदर्य-मोड आणि अल्बम जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची तयार बटणे तिचा रंग दोन पायऱ्या उजळ करून देतात. हळद लागलेल्या सावळ्या गालाचा जो खास तांबूस-पिवळा रंग असतो, तो जाऊन सगळ्या नवऱ्या एका साच्यातल्या निघतात. गिऱ्हाइकाला हेच हवे असते, असे यावर उत्तर मिळते. असेलही. पण मग छायाचित्रकाराने तो निर्णय आपला आहे हे म्हणावे, बटणावर ढकलू नये.

मेळघाटातला कॅमेरा

एवढ्यावरून स्वयंचलित कॅमेरा वाईट, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो चुकीचा ठरेल, आणि त्याचा पुरावाही अमरावती जिल्ह्यातच आहे.

मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. अशा जंगलांत वाघ मोजण्यासाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. अंगाची ऊब हलली की शटर आपोआप पडते. दोन कॅमेरे यासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याला नसतात. 2018 च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. सुमारे 3 कोटी 48 लाख छायाचित्रे निघाली, त्यांपैकी वाघांची 76,651. यातल्या एकाही चित्रामागे छायाचित्रकाराचा डोळा नव्हता, आणि एवढ्या कामाला तो पुरलाही नसता.

इथे ऑटो यशस्वी का होतो? कारण प्रश्न आधीच ठरलेला आहे : हा वाघ कोणता? त्याच्या अंगावरचे पट्टे मोजता आले की चित्राचे काम झाले. निर्णय इथेही आहेत, पण ते शटरच्या आधी आणि नंतर झाले : कोणती वाट, किती उंची, आणि शेवटी कोणते चित्र ठेवायचे.

यातून मला एक कसोटी सुचते. चित्राला काय विचारायचे हे आधीच पक्के असेल तिथे यंत्राला मोकळे सोडावे. प्रश्न समोरच्या माणसाला पाहूनच ठरणार असेल, तिथे किमान एक गोष्ट आपल्या हातात ठेवावी. कोणती, ते प्रसंग ठरवतो. मल्लखांबावरच्या पोराची उलटी उडी पकडायची तर शटर आपले, बाकी यंत्राचे. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडे येतात. रात्रीच्या अंधारात निघालेली मंडळी उजाडताना शहरात शिरतात आणि उजेड सतत बदलत असतो. तिथे ‘एम’चा हट्ट धरणारा अर्धी मिरवणूक गमावील. आयएसओ यंत्रावर सोडून भरणीच्या भाराने वाकलेल्या खांद्यांकडे लक्ष देणारा जास्त शहाणा. आणि कापसाच्या गंजीपुढे? तिथे ऑटोवर राहूनही एक्स्पोजर दोन स्टॉप वाढवणारे छोटे बटण दाबता येते. त्या एका बटणात व्यवसायाचे पुष्कळसे शहाणपण सामावले आहे, कारण ते दाबणाऱ्याला यंत्र कुठे चुकते हे ठाऊक असावे लागते.

गंजीपुढे पदर पुढे ओढून उभी असलेली वेचणारी बाई मात्र कोणत्याही नियमात बसत नाही. तिचा चेहरा हवा असेल तर कापूस थोडा जळू द्यावा लागतो. कापसाचा तंतू हवा असेल तर तिला सावलीत जाऊ द्यावे लागते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. व्यापाऱ्याच्या पत्रकासाठी पहिला निर्णय चूक, वृत्तपत्रासाठी दुसरा.

अकोल्यात जन्मलेले आणि मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत घडलेले सुधारक ओलवे यांचे काम या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. मुंबईच्या सफाई कामगारांची त्यांची कृष्णधवल मालिका गटारांच्या तोंडांशी, कचऱ्याच्या ढिगांत, अंधाऱ्या खोल्यांत घडते. घाण, ओल आणि सावळी त्वचा या सगळ्या गडद छटा एकमेकींत मिसळून जाव्यात अशीच ती जागा. तरी त्या चित्रांत माणूस घाणीपासून वेगळा उठून दिसतो. त्याची नजर आपल्यापर्यंत पोचते. ज्या कामाकडे शहर पाहत नाही, ते करणाऱ्याचा चेहरा प्रथम, बाकीचे नंतर, असा क्रम तिथे लावलेला आहे. हा क्रम कोणत्याही कॅमेऱ्याच्या कार्यक्रमात नसतो, आणि तो दिसल्यावर तबकडी कुठे होती हे विचारावेसेही वाटत नाही.

म्हणून समीक्षेने आणि स्पर्धांच्या परीक्षकांनी तबकडीचा नाद सोडावा, असे मला वाटते. प्रवेशिकेवर शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ लिहून घेण्याची प्रथा आहे. ते आकडे कॅमेरा स्वतःच नोंदवून ठेवतो. त्याऐवजी छायाचित्रकाराकडून एक ओळ लिहून घ्यावी : या चित्रात मी काय उजळ ठेवले, काय अंधारात जाऊ दिले, आणि का. ज्याला ती ओळ लिहिता येईल त्याने खुशाल ऑटोवर काढावे.