मधल्या खंडाचे मोल : 'द टू टॉवर्स' आणि वनपर्व

जे. आर. आर. टॉल्किन यांची अद्भुतरम्य महाकादंबरी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने ती मराठीत आणली. तिच्या मधल्या खंडाला ना आरंभ, ना शेवट. म्हणून तो केवळ सांधा ठरतो काय?

मॉर्डॉरच्या सीमेवर थकलेले फ्रोडो व सॅम जुन्या कथांविषयी बोलतात. कथेतील माणसांना आपल्या कथेचा शेवट ठाऊक नसतो, हे त्यांच्या बोलण्याचे सार होय. येथे वनपर्वाचे स्मरण होते. वनवासी युधिष्ठिराला बृहदश्व नलाख्यान ऐकवतात. मार्कंडेय रामकथा व सावित्रीची कथा सांगतात. तेथे धीर देणारे ऋषी ज्ञानी आहेत. येथे मात्र धीर देणारा सॅम साधा माळी आहे; तोही तितकाच अनभिज्ञ आहे.

खंड संपतो तेव्हा फ्रोडो शत्रूच्या हाती पडलेला असतो. १९५४ च्या वाचकाला पुढील खंडासाठी जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. पात्रांचे अज्ञान त्याच्याही वाट्याला आले. फलाची खात्री नसताना कर्तव्य करीत राहणे, हा अनुभव शेवट हाती असलेला खंड देऊ शकत नाही. मधल्या खंडाचे स्वतंत्र मोल यातच आहे.