झाकणाआडचं अक्षर

मनगटी घड्याळाची तबकडी जगासाठी असते. झाकणाची आतली बाजू फक्त घड्याळजीसाठी. मालकाच्या ती कधी नजरेस पडत नाही. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंगला घड्याळ उघडलं की तेवढ्यापुरती ती उजेडात येते आणि पुन्हा बंद होते. तिथं घड्याळजी सुईच्या टोकानं बारीक अक्षरात काहीतरी कोरून ठेवतात. तारीख, कधी नावाचं आद्याक्षर, कधी काय बदललं त्याची खूण. हा मजकूर पुढच्या घड्याळजीसाठी असतो, आणि तो कोण असेल, कुठल्या गावचा असेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. जुन्या घड्याळांच्या नादी लागलेल्या माणसांत मी जो दिलदारपणा आणि जी रीतभात पाहिली, त्यांचं मूळ मला याच मजकुरात दिसतं. म्हणून इथं एका झाकणाचं रसग्रहण करायचं आहे.

घड्याळ एचएमटी जनता. इन्सुलीच्या घरातलं, माझ्या मामाचं.

इन्सुली सावंतवाडी आणि बांद्याच्या मधलं, मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. बाहेरच्यांना ते चेकनाक्यामुळे माहीत असतं. बांदा ओलांडलं की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. पोर्तुगीज अमलात पलीकडे परदेशी माल मुबलक होता आणि सोन्याबरोबर स्विस घड्याळंही चोरवाटांनी अलीकडे येत. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. त्याच साली बंगळुरात हिंदुस्थान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं घड्याळाचा कारखाना काढला. योगायोगच, पण आमच्या भागाच्या दृष्टीनं अर्थपूर्ण. पलीकडून येणाऱ्या घड्याळाची वाट बंद झाली आणि देशी घड्याळाची उघडली. हे देशी घड्याळ इन्सुलीत पोचलं ते मात्र मुंबईहून, गिरणीत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांच्या मनगटावर. गणपतीला माणूस घरी आला की आधी त्याच्या हाताकडे लक्ष जाई. लग्नात जावयाला एचएमटी देणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती.

जनताचं रूप साधं. पांढरी तबकडी, सरळ काटे, तारीख नाही, वार नाही. रोज सकाळी चावी द्यायची. तबकडीवर कंपनीचं आणि घड्याळाचं नाव. काही तबकड्यांवर हे नाव देवनागरीत आहे. सोबत ‘१७ ज्वेल्स’ आणि ‘पॅरा शॉक’ अशी इंग्रजी अक्षरं. यांतलं दुसरं घड्याळाच्या स्वभावाबद्दल बरंच सांगून जातं. बॅलन्सचं चाक ज्या दांडीवर फिरतं, तिची टोकं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी असतात. घड्याळ हातातून पडलं की आधी ती मोडतात. म्हणून टोकाखालचा खडा, म्हणजे ज्वेल, पक्का न बसवता त्याला बारीक स्प्रिंगचा आधार देतात, म्हणजे धक्का बसला की खडा किंचित हलतो आणि टोक वाचतं. गिरणीत, लोकलच्या दाराशी, शेतात हात कुठेही आपटणार, हे धरून चाललेलं हे घड्याळ. सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,०००. घालणाऱ्याची अडचण आधीच ओळखणं या कंपनीच्या कामात इतर ठिकाणीही दिसतं. एचएमटीनं अंधांसाठी ब्रेलचं घड्याळ केलं. त्याची काच उघडता येते आणि बोटांनी काटे चाचपून वेळ कळते.

आता झाकण.

मामाच्या घड्याळाचं झाकण दाबून बसणारं आहे. अशी झाकणं उघडायला कडेला एक खाच असते. अडाणी हाताचा पुरावा तिथंच मिळतो, कारण सुरी सटकते आणि ओरखडे उमटतात. या खाचेजवळ ओरखडा नाही. आत मशीनच्या स्क्रूंचे माथेही शाबूत आहेत. चुकीच्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर एकदा जरी लागला तरी स्क्रूची फट कायमची फाटते आणि पुढच्याला तो स्क्रू निघता निघत नाही. इतकी वर्षं हे घड्याळ ज्यांच्या हातून गेलं, त्या प्रत्येकानं मापाचं हत्यार वापरलं. मजकुराकडे वळण्याआधी हे पाहून घ्यावं, कारण सभ्यपणाची सुरुवात इथं झाली आहे.

मजकूर तीन ओळींचा. पहिल्या ओळीत एक तारीख, साल १९७४. खाली १९७८. दोन्हींचं हस्ताक्षर एक, आकडे उजवीकडे कललेले, चारातली उभी रेघ जरा लांब. हा मुंबईचा माणूस असणार. मामा तेव्हा गिरणीत होता आणि परळला राहत असे. दोन्ही वेळा तो एकाच दुकानात गेला आणि चार वर्षांनी, म्हणजे वेळच्या वेळी गेला. घड्याळाला तेल लागतं, ते सुकतं, सुकलेल्या तेलात चाकं घासली जातात. मामाला हे कुणीतरी समजावून सांगितलं असणार आणि त्याला ते पटलं असणार.

तिसरी ओळ १९८९ची. मध्ये अकरा वर्षं कोरी. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कोकणातली कितीतरी घरं त्यात उघड्यावर आली. मामा त्याविषयी फारसं बोलला नाही. तो इन्सुलीला परतला आणि काजू-भातात रमला, एवढंच आम्हाला माहीत. १९८२ला घड्याळाची सर्व्हिसिंग ठरलेली होती. ती झाली नाही. घड्याळ मात्र त्यानं विकलं नाही. त्या मोकळ्या जागेत मला जे वाचता येतं, ते घरातल्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

तिसऱ्या ओळीचं हस्ताक्षर वेगळं, सावकाश, गोलसर. हा आमच्याकडचाच कुणीतरी घड्याळजी. त्यानं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. झाकणात मोकळी जागा भरपूर होती. मध्यभागी ठसठशीत कोरता आलं असतं. पण त्यानं आधीच्या दोन ओळींच्या बरोबर खाली, त्याच उंचीच्या अक्षरात, तारीख लिहायची तीच पद्धत धरून लिहिलं: आधी दिवस, मग महिना, मग साल. मुंबईच्या त्या माणसाला तो कधी भेटला नसणार. पण त्याच्या मजकुराचा मान राखून त्यानं आपली ओळ जोडली. आणि तारखेपुढे एक छोटं अक्षर टाकलं, ‘बॅ’. म्हणजे बॅलन्सची दांडी बदलली आहे. पुढच्यानं मशीन उघडून हाच भाग पुन्हा शोधत बसू नये. पॅरा शॉक असूनही टोक मोडलं होतं म्हणजे घड्याळ चांगलंच आपटलं असावं. ते दुरुस्त करणारा माणूस आपल्या कारागिरीचा उल्लेख एका अक्षरात उरकतो. नाव लिहीत नाही. मला हे मोठं लेखन वाटतं.

इंग्लंड-अमेरिकेत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात खिशातल्या घड्याळांच्या दुहेरी कव्हरात घड्याळजी कागदाची गोल चकती घालत. तिच्यावर दुकानाचं नाव-पत्ता सुबक छापलेला असे आणि मागे कधी दुरुस्तीची नोंद हातानं लिहिलेली. या चकत्या आज संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत आणि त्या सुंदर आहेत यात शंका नाही. पण त्यांत जाहिरात आहे. आमच्या झाकणातल्या तीन ओळींत जाहिरातीचा लवलेश नाही. माझं मन या ओळींकडे झुकतं.

जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या मंडळींत मुंबईचं नाव एका वेगळ्या कारणानं घेतलं जातं. खराब झालेल्या तबकड्या पुसून, पुन्हा रंगवून, नव्यानं छापून इथं घड्याळं तयार होत आली, आणि अशा घड्याळाला जगभरातले शौकीन ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. वेस्ट एंडचं सोवार प्रिमा, फाव्हर-ल्यूबा, एचएमटी, सगळ्यांची अशी रूपं बाजारात आहेत. ते नाव बहुतेक हिणवून घेतलं जातं. मला ते टोचतं. ज्या गिऱ्हाइकाला नवं घड्याळ परवडत नव्हतं, त्याचं जुनं घड्याळ उजळून देणारा कारागीर फसवणूक करत नव्हता. फसवणूक होते ती नंतर, ‘हात न लागलेलं’ म्हणून कुणी विकतो तेव्हा. आमच्या पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. दमट हवेनं तबकडीवर ठिपके येतात, लोखंड गंजतं. इथल्या घरांत शाबूत जुनी तबकडी मिळणंच कठीण.

खरी कसोटी लागते ती सांगताना. कुणी हौसेनं पहिलं घड्याळ घेऊन येतो. जाणत्याला एका नजरेत कळतं की तबकडी नंतरची आहे: अक्षरांच्या कडा पसरलेल्या आहेत, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. आता काय बोलायचं? बांद्याच्या बाजारात एका वयस्कर घड्याळजीला मी हे करताना ऐकलं. मुलाच्या हातातलं घड्याळ त्यांनी कडेला धरलं, मऊ फडक्यावर ठेवलं, उघडू का म्हणून विचारलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, “मशीन झकास आसा तुझा. तबकडी मागाहून केलेली आसा. ठेवची की बदलची ता तू बघ.”

या तीन वाक्यांचा क्रम बघा. जे चांगलं आहे ते आधी, आणि ते खरं आहे, उगीच गोड बोलणं नाही. मग उणीव, पण ‘नकली’ हा शब्द टाळून. ‘मागाहून केलेली’ म्हटलं की घडलं ते तेवढंच सांगितलं जातं. तिसऱ्या वाक्यात निर्णय मालकाच्या हाती परत दिला. किती पैसे मोजलेस, हे विचारलं नाही. मुलाचा चेहरा पडला नाही. त्यानं लगेच विचारलं, कशावरून ओळखलंत? आणि घड्याळजींनी लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, त्याच्या हातात दिला. समजा त्यांनी आधी ‘फसलास’ म्हटलं असतं, तर तो लूप त्या मुलाच्या डोळ्याला कधी लागलाच नसता.

दिलदारपणाचंही असंच एक उदाहरण वाचण्याजोगं आहे, आणि ते मामाच्याच घड्याळाचं. चावी निखळली होती. चावी म्हणजे बाहेरची गोल मूठ आणि तिला जोडलेली आत जाणारी बारीक दांडी. एचएमटीच्या घड्याळांचा धंदा बंद करायला २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारनं मंजुरी दिली. सुटे भाग तेव्हापासून जुन्या साठ्यांतून आणि बंद पडलेल्या घड्याळांतून मिळतात. मी ओळखीतून ओळख काढत चौकशी केली. कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी, ज्यांना मी पाहिलेलंही नव्हतं, पत्ता मागून घेतला.

पाकीट आलं. आत होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, बाटलीत कापूस, कापसात मूठ. ती नवी कोरी नव्हती, जरा झिजलेली, म्हणजे माझ्या झिजलेल्या घड्याळाला शोभणारी. कंगोरे दाट, जुन्या धाटणीचे. सोबत बारीक रबरी रिंग, जिचा मी उल्लेखही केला नव्हता. मूठ निखळली म्हणजे पावसाळ्यात आत ओल गेली असणार, हे त्यांनी ताडलं होतं. आणि दांड्या दोन.

दोन का, हे मला काम करताना कळलं. ही दांडी मुद्दाम लांब बनवतात. प्रत्येक घड्याळाला लागेल तेवढी ती कापून, कानशीनं घासून बसवायची असते. थोडी लांब राहिली तर पुन्हा घासता येते. एकदा कमी झाली की ती वाया गेली. नवशिक्या माणूस पहिली दांडी हमखास जास्त कापतो. ‘जपून काप, चुकशील’ असं चिठ्ठीत लिहिता आलं असतं. चिठ्ठीत फक्त मशीनचा नंबर होता आणि दांडी सोडवायला कुठला स्क्रू किती फिरवायचा ते. दुसऱ्या दांडीबद्दल एक शब्द नव्हता. माझ्या हातून जे घडण्याची शक्यता होती, त्याची सोय त्यांनी न बोलता करून ठेवली. पैशाचं विचारलं तेव्हा उत्तर आलं की माझ्याकडेही अशाच आलेल्या आहेत.

या नादात पैसा आहे, खोटेपणा आहे, दुर्मीळ मॉडेल दाबून ठेवून भाव वाढवणारेही आहेत. तरी टिकून राहतात ती माणसं दुसरी. ती जादा मशीन साठवतात आणि कुणाचं बंद पडलं की त्यातलं चाक काढून देतात. दुसऱ्याचं घड्याळ हातात आलं की न विचारता चावी देत नाहीत. अंगठी आधी काढून ठेवतात, काचेवर ओरखडा उठू नये म्हणून. ही रीत कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. ती एकमेकांचं पाहून येते.

झाकणात कोरावं की नाही, यावर मात्र आता मतभेद आहेत. कोरल्यानं मूळ वस्तू बिघडते, नोंद कागदावर ठेवावी, असं आजचे बरेच जाणकार म्हणतात. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे आणि तरीही मामाच्या घड्याळापुरतं मान्य नाही. कागद हरवतो. घड्याळ बदलत्या हातांतून जातं, तिथं कागद मागे राहतो. सावंतवाडीला यंदा तेल-पाणी करून घेतलं, तेव्हा तिथल्या तरुण घड्याळजीनं झाकण मला दाखवून विचारलं, काका, लिहू की नको? मी लिही म्हटलं. त्यानं तिन्ही ओळी वाचल्या, सुई घेतली आणि त्याच उंचीत, दिवस-महिना-साल याच क्रमानं चौथी ओळ घातली.

कोल्हापूरच्या दोन दांड्यांतली पहिली मी सावकाश घासून बसवली आणि ती बसली. दुसरी उरली. पुढे कुडाळच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांचं जनता असंच अडलं, तेव्हा ती त्याला पाठवली. एकच पुरणार नाही म्हणून मुंबईहून आणखी एक मागवून सोबत घातली. चिठ्ठीत मशीनचा नंबर लिहिला आणि कुठला स्क्रू किती फिरवायचा ते.