सही कोणाची, शिक्षा कोणाला?

मंडळी, खेळातली लबाडी म्हटलं की आपल्यासमोर खेळाडू उभा राहतो. वय चोरणारा, दुसऱ्याच्या नावावर उतरणारा, इंजेक्शन घेणारा. आज आपण त्याच्याबद्दल कमीच बोलणार आहोत. लबाडी सापडल्यावर विद्यापीठ काय करतं, ते पाहू. रोगाचं मूळ आम्हाला तिथे दिसतं.

अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ घ्या, चॅपेल हिलचं. मायकेल जॉर्डन इथलाच. या विद्यापीठात १९९३ ते २०११, म्हणजे अठरा वर्षं, एका विभागात नावापुरते वर्ग चालले. तास नाहीत, शिक्षक समोर नाही. शेवटी एक निबंध द्यायचा आणि बऱ्याच निबंधांना गुण कोण देणार, तर कार्यालयातल्या एक प्रशासकीय कर्मचारी! बाहेरच्या वकिलाकडून चौकशी झाली, २०१४ साली अहवाल आला. तीन हजारांहून जास्त विद्यार्थी या वर्गांत होते आणि त्यातले जवळजवळ निम्मे खेळाडू. खेळण्यासाठी पात्र राहायचं तर गुण लागतात ना, त्याची ही सोय.

पुढचं जास्त बोलकं आहे. विद्यापीठाला मान्यता देणाऱ्या संस्थेपुढे याच विद्यापीठानं या प्रकाराला शैक्षणिक फसवणूक म्हटलं होतं. महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेपुढे मात्र ते शब्द चुकून गेले, अशी भूमिका घेतली. बचाव असा, की वर्ग सगळ्यांनाच खुले होते, फक्त खेळाडूंना नव्हे. मग खेळाचा नियम मोडलाच कुठे? २०१७ साली संघटनेलाही या वर्गांबाबत नियमभंग सिद्ध झाला असं म्हणता आलं नाही. विजेतेपदं शाबूत राहिली. म्हणजे फसवणूक सगळ्यांनाच खुली ठेवली तर ती नियमात बसते! आम्हाला यात विद्यापीठाची हुशारी दिसते, विद्या दिसत नाही.

आता शिरपूरला येऊ. आपल्याकडे टीव्हीच्या हक्कांचे डॉलर नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं आपलं विद्यापीठ १९९० चं. त्याच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीला प्रेक्षक म्हणजे बहुतेक खेळाडूंचे मित्रच. मग इथे लबाडीचा मोह कशाला व्हावा? तर कागदासाठी. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे प्रमाणपत्राला बाजारभाव आला. गेल्या काही वर्षांत राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली, गुन्हे दाखल झाले, लागलेल्या नोकऱ्या गेल्या. ही गाजलेली प्रकरणं क्रीडा संघटनांच्या कागदांची होती, विद्यापीठांच्या नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण मोह तोच आहे, आणि विद्यापीठालाही कागद द्यायचाच असतो.

समजा, आपल्याच एखाद्या कॉलेजच्या संघात नियमित विद्यार्थी नसलेला पोऱ्या उतरला आणि सापडला. काय होईल? संघ बाद, पोऱ्या बाद, फाईल बंद. आता त्याच्या प्रवेशिकेवर सह्या कोणाच्या होत्या? क्रीडा संचालकांची, प्राचार्यांची. त्यांना कोण विचारणार? पोऱ्या तर हजेरीपट आणि बोनाफाईड स्वतःच्या हातानं लिहीत नाही!

गंमत म्हणजे परीक्षेच्या बाबतीत आपलाच कायदा जास्त शहाणा आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी चौकशी समितीची तरतूद आहे, आणि तिच्या कक्षेत कॉपी करणाऱ्याबरोबर पेपर काढणारे, तपासणारेही येतात. त्याच कायद्यात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळही आहे. पण त्याच्याकडून आपली अपेक्षा काय, तर स्पर्धा भरवा, संघ निवडा, ढाली वाटा. परीक्षेला जी नजर आहे ती मैदानाला का नको?

कोणी म्हणेल, ग्रामीण कॉलेजं, एकटा क्रीडा संचालक, त्यात एनएसएसची आणि परीक्षेची कामं; चूक होणारच. खरं आहे, चूक समजून घेऊ. पण म्हणून सही करणाऱ्याला विचारायचंच नाही, हे कसं चालेल?

खर्चाचंही कारण सांगू नये. प्रत्येक स्पर्धेच्या संघयाद्या, वर्ग आणि गुणपत्रकांसह, सामन्याच्या आधी संकेतस्थळावर टाका. शिरपूरच्या यादीत कोणी पाहुणा असेल तर अमळनेरचा प्रशिक्षक दोन मिनिटांत ओळखेल, आणि अमळनेरचा पाहुणा आपला माणूस ओळखेल. मग आक्षेप आला की पहिलं पत्र खेळाडूला न जाता सही करणाऱ्याला जाऊ दे.