ख्रिस्तपुराण आणि आमची वाचनबैठक

पुस्तक एकट्याने वाचावे की चारचौघांत, या प्रश्नाचा निकाल मराठी परंपरेने फार पूर्वी दिला आहे. पोथी ही श्रोत्यांसाठी असे. एकाने वाचावी, इतरांनी ऐकावी, मध्येच कुणी शंका काढावी आणि वाचणाऱ्याने बोट ओळीवर तसेच ठेवून तिचे निरसन करावे. मुद्रणकलेने आपल्याला एकांतातला वाचक दिला, हा लाभ खराच. परंतु काही ग्रंथ या एकांतात कोमेजतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांपैकीच एक आहे, असे आमचे मत होत चालले आहे. हे मत एखाद्या ग्रंथालयात बनले नाही. नव्या मुंबईत महिन्यातून एकदा काही स्नेही पुस्तके वाचायला जमतात, त्या बैठकीत ते बनले.

या बैठकीला नाव नाही, घटना नाही आणि वर्गणी तर नाहीच. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशा निरनिराळ्या ठिकाणांहून मंडळी येतात. कुणी मूळचे वसईचे, कुणी अलिबागकडचे, दोघे मंगळूरचे, एक गोव्याचे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि हे शहर वसू लागले. आमच्यापैकी कुणाचेही आजोबा येथील मातीत विसावलेले नाहीत, त्यामुळे पुस्तक कोणतेही असो, ‘आमच्या गावी’ हे दोन शब्द आल्यावाचून चर्चा पुढे सरकत नाही. एक सद्गृहस्थ पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचून येतात व ते सांगून टाकण्याचा मोह त्यांना आवरत नाही. दुसरे काहीच न वाचता येतात आणि सर्वांत ठाम मत त्यांचेच असते. एक परिचारिका भगिनी उसन्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने आपले मतभेद नोंदवून ठेवतात. प्रतीचा मालक कुरकुरतो, पण त्या नोंदी कित्येकदा छापील प्रस्तावनेहून सरस असतात. आणखी एक अलिखित नियम आहे: फादरांनी सर्वांत शेवटी बोलायचे. धर्मगुरू आधी बोलला की आपली माणसे मान डोलावतात आणि चर्चा तेथेच संपते. हा नियम करणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत.

अशा या मंडळींनी ‘ख्रिस्तपुराण’ हाती घेतले, तेव्हा पहिली अडचण लिपीची आली. हे काव्य १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या, पण या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरहून जी आवृत्ती काढली तीही रोमनच. देवनागरीत ते मराठी वाचकासमोर आले ते शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीने. नंतर १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये सलेशियन फादर नेल्सन फल्काव यांची आवृत्ती आली. आमच्या बैठकीत मंगळूरकर रोमन प्रत पुढ्यात घेतात आणि वसईकर देवनागरी. एकच ओवी दोन लिप्यांतून, दोन उच्चारांनी ऐकू येते. मंगळूरकरांच्या तोंडून तिचा ठेका जुळतो, वसईकरांच्या तोंडून तिचा अर्थ उलगडतो. पहिल्या तीन चरणांत यमक जुळवून चौथा चरण आखूड सोडणारी ही ओवी डोळ्यांनी वाचताना एकसुरी वाटते. जवळजवळ अकरा हजार ओव्या डोळ्यांनी कोण वाचणार? कानाला मात्र तो आखूड चरण विसाव्याच्या पायरीसारखा लागतो. सेमिनरीत आम्ही या काव्याचा एकच उतारा शिकलो, तो मराठीच्या स्तुतीचा. महाराष्ट्रातील बहुतेक सुशिक्षितांनाही तेवढाच ठाऊक असतो. एवढ्या मोठ्या काव्याला भाषेच्या गौरवदिनी वापरायच्या चार ओळींवर आणून ठेवणे हा गौरव नव्हे.

बैठकीत खरी चकमक उडाली ती पहिल्या पुराणाच्या आरंभी. सासष्टीतील एका चर्चमध्ये दौत्रीन शिकवली जात असता एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रींना विनंती करतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी मनाला रमवील असे दुसरे काही आम्हांस द्या. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ अवस्वर हे या मागणीचे उत्तर होय. म्हणजे हे महाकाव्य एका श्रोत्याच्या शंकेतून उगवते. पुढेही श्रोते मधूनमधून प्रश्न विचारतात, पाद्री उत्तर देतात आणि प्रश्नकर्ता संतुष्ट होतो. पेन्सिलवाल्या भगिनींनी नेमके येथे बोट ठेवले. त्या म्हणाल्या, “हा माणूस दुसरा प्रश्न कधीच का विचारत नाही? त्याच्या घरातल्या पोथ्यांचे काय झाले, हे त्याला विचारावेसे वाटले नसेल?”

काही काळ कुणी बोलेना. मग सगळेच एकदम बोलू लागले. एकाचे म्हणणे असे की, चारशे वर्षांपूर्वीच्या कवीला आजचे निकष लावणे अन्याय आहे. दुसऱ्याने आठवण दिली की, १६८४ मध्ये त्याच राजसत्तेने आपल्या ख्रिस्ती प्रजेची बोलीही तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला. मंगळूरकर शांतपणे म्हणाले की, टिपूच्या बंदिवासात श्रीरंगपट्टणला आमच्या पूर्वजांना याच पुराणाने धीर दिला, अशी आमच्याकडची परंपरा सांगते, तेव्हा जरा जपून.

शेवटी बोलण्याची पाळी आमची. भगिनींचा आक्षेप काव्याच्या मर्मावर आहे असे आम्हांस वाटते, आणि काव्याची थोरवीही त्याच ठिकाणी आहे. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. जुनी पुराणे गेल्याने श्रोत्यांच्या मनात पोकळी झाली आहे हे त्यांनी ओळखले, आणि ते लपवले नाही. ग्रंथाच्या दारातच त्या श्रोत्याला उभे करून ते त्याच्या तोंडून वदवले. वैकुंठासारखे शब्द त्यांनी ख्रिस्तकथेत निःसंकोच आणले. एवढी खुली दृष्टी असलेला कवी त्या श्रोत्याला दुसरा प्रश्न विचारू देत नाही, ही त्याच्या कलेची मर्यादा आहे. संवादाचे रूप घेतले, पण संवाद एकाच बाजूने पूर्ण केला. काळाचे कारण सांगून ही उणीव समजून घेता येते, पण ती काव्यात नाही असे म्हणता येत नाही.

हे आम्ही येथे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याविषयी असे बोलले जात नाही. आपल्यापैकी कुणाचे पुस्तक निघाले की प्रकाशन होते, शाल येते, ‘समाजाला भूषणावह’ असे एक भाषण होते आणि पुस्तक कपाटात जाते. संख्येने थोडे असलेल्या समाजात कौतुक स्वस्त होते, कारण नापसंती व्यक्त केली की ती घराघरांत पोहोचते. आमच्या बैठकीतही प्रथम हेच होई. वसईच्या लेखकावर वसईकर टीका ऐकून घेत नसत. वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरचा चहा पिऊन झाल्यावर आता ऐकून घेतात, एवढेच नव्हे तर स्वतःच सुरुवात करतात. मैत्रीचा हा उपयोग समीक्षेच्या पुस्तकांत सांगितलेला आम्ही वाचला नाही. परक्याने काढलेला दोष अपमान वाटतो, तोच स्नेह्याने काढला तर माणूस घरी जाऊन ते पान पुन्हा उघडतो.

मंगळूरकरांनी तसे ते उघडले. पुढल्या महिन्यात त्यांनी प्रश्नकर्त्या श्रोत्यांच्या सगळ्या जागा काढून आणल्या आणि वाचून दाखवल्या. भगिनींचे समाधान झाले नाही. दुसरे पुराण आता चालू आहे. त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घ्यावीत असा त्यांचा आग्रह आहे, कारण त्या बाई, त्यांच्या मते, पतीलाही दुसरा आणि तिसरा प्रश्न विचारीत. शेवटचे पान आधी वाचणाऱ्या सद्गृहस्थांनी प्रत आधीच पैदा केली आहे.