भाड्याच्या घराची यादी

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात चवीने वाचावं असं फारसं काही नसतं. नाव, वय, धंदा. अकरा महिने, अनामत रक्कम, एक महिन्याची नोटीस. बारामतीत काय नि इंदापुरात काय, मजकूर तोच. वाचनीय गद्य असलंच तर ते शेवटच्या पानावर, घराच्या यादीत.

बहुतेक याद्या तिथंही निराश करतात. ‘पंखे ३, गिझर १, सर्व चालू व चांगल्या स्थितीत.’ सही करताना हे वाक्य गोड वाटतं. अनामत परत द्यायची वेळ आली की ते कुणाच्याच कामाचं नसतं. जाणता घरमालक असं लिहील: ‘मोरीतला नळ ठिबकत नाही, पण बंद करताना अर्धा वेढा जास्त द्यावा लागतो.’ घराचं उणं मालकाने स्वतःहून कबूल केलं, म्हणूनच पुढच्या ‘गिझर नवा’वर विश्वास बसतो.

किंवा ही ओळ: ‘हॉलची पश्चिमेकडची भिंत, खालून दीड फुटापर्यंत लोणा, रंग सुटतो.’ जागा, उंची, लक्षण. विशेषण एकही नाही. शिवाय ती या मातीतली आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात पाण्याच्या अतिवापराने जमिनी खारावल्या, हे इथं जुनंच दुखणं. ओल भिंतीत चढते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाचे पोपडे निघतात. त्यात भाडेकरूचा काय दोष? बोअरच्या जड पाण्याचंही तेच. ‘शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी येतं’ हे मला उत्तम शब्दचित्र वाटतं.

मोबाइलवर फोटो काढले की झालं, असं हल्ली म्हणतात. फोटो जरूर काढावेत, पण नळाचा तो अर्धा वेढा फोटोत येत नाही. पावसाचंही तसंच. कॉलेजचे प्रवेश, बदल्या यांमुळे घरं बदलतात ती बरीचशी जून-जुलैत. या अवर्षणप्रवण तालुक्यांत जोराचा पाऊस मात्र पुष्कळदा सप्टेंबरात, परतीचा. तोवर स्लॅब कोराच दिसतो. म्हणून ‘मागच्या पावसात माळ्याच्या कोपऱ्यात ओल आली होती’ ही ओळ मी यादीची परीक्षा मानतो. जे आज दिसत नाही तेही तिने सांगितलं पाहिजे.

१८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम १०८ मध्ये भाडेपट्टेदाराला सांगतो, की ताबा मिळाला तेव्हा होती तशी जागा परत दे, वाजवी झीज वगळून. लायसन्सला हे कलम थेट लागू नसलं, तरी करारात त्याच अर्थाची अट बहुधा असते. पण ‘होती तशी’ म्हणजे कशी, हे कायद्याने लिहायचं नसतं. ती जागा यादीनेच भरायची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातलं कलम ५५ तर लेखी, नोंदणीकृत करार न करणाऱ्या मालकाला अडचणीतच टाकतं: अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत.

तेव्हा करार नोंदवताना यादीसाठी तासभर काढा. दोघांनी मिळून खोल्या फिरा, विजेच्या मीटरचं रीडिंग आणि किल्ल्यांची संख्या लिहा, प्रत्येक पानावर तारखेसह दोघांच्या सह्या घ्या. आणि ‘चांगल्या स्थितीत’ हे शब्द तेवढे खोडून टाका.