कार्ड मोठे, वाटा तेवढाच

बत्तीस जीबीचे कार्ड घातले तरी संगणक आठच जीबी का दाखवतो? रास्पबेरी पाय वापरणाऱ्या शाळांतून हा प्रश्न हमखास येतो. रास्पबेरी पाय म्हणजे तळहातावर मावणारा, एकाच पट्टीवर बसवलेला संगणक. २०१२ साली तो केंब्रिजहून बाजारात आला. त्यात हार्ड डिस्क नसते. लिनक्स, प्रोग्राम, मुलांच्या फाइली, सारे नखाएवढ्या मेमरी कार्डावर. या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी टिपणे शिक्षकांच्या हाती पडतात, त्यांच्याविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे.

जळगावात आम्ही आठ जीबीचे एक कार्ड तयार केले होते. त्यावर लिनक्स आणि ठरावीक वेळाने तापमान नोंदवणारा एक छोटा प्रोग्राम. तेच हुबेहूब बत्तीस जीबीच्या कार्डांवर उतरवून आम्ही शाळांना दिले. त्यांतले एक कार्ड खडूच्या डबीत बसून, एसटीने, एरंडोल-पारोळ्यावरून धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत गेले. तिथल्या मुलांनी मार्च ते मे असा खानदेशचा अख्खा उन्हाळा त्यावर नोंदवला. जूनमध्ये सरांना इंटरनेटशिवाय वाचता येणारी मराठी विकिपीडियाची प्रत त्याच कार्डावर ठेवायची होती. जागा पुरेना. एक छापील टिपण समोर ठेवून सर कामाला लागले आणि अर्ध्या तासाने संगणक सुरूच होईना. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी येऊन थांबत. "आमचा उन्हाळा गेला," असे सर फोनवर म्हणाले.

ते टिपण आम्ही मागवून वाचले. एफडिस्क हा प्रोग्राम उघडा, 'डी' दाबून दुसरा विभाग काढून टाका, 'एन' दाबून नवा करा, पुढच्या प्रश्नांना एंटर दाबत जा, 'डब्ल्यू' दाबा, संगणक पुन्हा सुरू करा. सुरुवातीला एक सावधगिरीची ओळ: आधी कार्डाची प्रत करून ठेवा. बस्स. जो विभाग वाढवायचा तोच आधी काढून टाका, असे हे टिपण सांगते; तसे केल्यावर आतल्या फाइलींचे काय होते, याबद्दल अवाक्षर नाही. पाककृतीत असे चालते. बिघडली तर आमटी टाकून देता येते.

खरे तर ही गोष्ट खानदेशातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला दोन मिनिटांत कळावी. शेत वेगळे आणि सातबारा वेगळा. कार्डावरही दोन गोष्टी आहेत. पहिली वाट्यांची नोंद: कोणता वाटा कुठून सुरू होतो आणि केवढा आहे. (विभाग म्हणण्यापेक्षा वाटा म्हणणे आम्हांला बरे वाटते.) दुसरी, त्या वाट्याच्या आत केलेली फाइल-व्यवस्था, म्हणजे प्रत्यक्ष नांगरलेली, पेरलेली जमीन. आमच्या कार्डांवरची नोंद जुन्या पद्धतीची होती. तिच्यात जास्तीत जास्त चार मुख्य वाटे, प्रत्येकाला १६ बाइट, म्हणजे अवघे ६४ बाइट. कार्डाच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, ५१२ बाइटांच्या पहिल्या तुकड्यात, ती बसते. 'डी' दाबल्यावर खोडली जाते ती या ६४ बाइटांतली एक ओळ. पीक शेतात उभेच असते.

मग सरांचे काय चुकले? टिपणाने सांगितले तेच त्यांनी केले: एंटर दाबत गेले. आमच्या कार्डावर पहिला, संगणक सुरू करणारा छोटा वाटा ८१९२व्या सेक्टरपासून सुरू होत होता आणि दुसरा, लिनक्सचा, ५३२४८०पासून. पहिल्या वाट्याच्या आधी थोडी पडीक जागा होती. एफडिस्क नव्या वाट्यासाठी पहिली मोकळी जागा सुचवतो, आणि ती निघाली २०४८. सरांनी एंटर दाबले. पुढे ८१९२ला बांध असल्यामुळे वाटा झाला ६१४४ सेक्टरचा, म्हणजे ३ एमबीचा! एफडिस्कने तो आकडा पडद्यावर लिहूनही दाखवला असणार. पण त्याकडे का पाहायचे, हे टिपणात कुठे होते? शिवाय 'डब्ल्यू' दाबेपर्यंत कार्डावर काहीच लिहिले जात नाही आणि 'क्यू' दाबून बिनधास्त बाहेर पडता येते, हेही नव्हते. भीती घालवणारे हे एक वाक्य होते, आणि नेमके तेच गाळले होते.

कार्ड त्याच डबीतून जळगावला परत आले. मूळ कार्डावर दुसऱ्या वाट्याची सुरुवात पाहिली, तोच ५३२४८० हा आकडा देऊन नोंद नव्याने केली, शेवट मात्र कार्डाच्या टोकाला नेला. एफडिस्कने विचारले, इथे जुन्या फाइल-व्यवस्थेची खूण दिसते, पुसू का? 'नाही' म्हणायचे. (जुन्या एफडिस्कमध्ये हा प्रश्नच नव्हता, म्हणून जुन्या टिपणांत त्याचे उत्तर सापडत नाही.) मग फाइल-व्यवस्था तपासली आणि रिसाइझ-टू-एफएस या आज्ञेने ती नव्या बांधापर्यंत पसरवली. मे महिना जागेवर होता.

रास्पबेरी पायची स्वतःची सोय याहून सुटसुटीत आहे. नवी कोरी प्रणाली पहिल्यांदा सुरू होताना आपला वाटा आपणच वाढवून घेते. वापरलेल्या कार्डाची प्रत केली की तो 'पहिला दिवस' येऊन गेलेला असतो. म्हणूनच आमची कार्डे आठवर अडली. तिथे रास्पी-कॉन्फिगमधला फाइल-व्यवस्था वाढवण्याचा पर्याय निवडावा. काम झाल्यावर तो सांगतो की वाटा वाढवला आहे, फाइल-व्यवस्था पुढच्या वेळी संगणक सुरू होताना वाढेल. आधी नोंद, मग नांगर! आमच्या पाहण्यातल्या एकाही टिपणापेक्षा ही दोन वाक्ये चांगली शिकवतात. दुर्दैव इतकेच, की तिथे सगळे घाईने 'ओके' दाबतात.

वर्गात दाखवायला आम्ही जीपार्टेड पसंत करू. कार्ड रीडरमध्ये घालून दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडायचे. पडद्यावर शेताच्या नकाशासारखी आडवी पट्टी येते, उजवीकडे करड्या रंगात न वाटलेली जागा दिसते आणि शेवटचे बटण दाबेपर्यंत सारे कागदावरच राहते. पण त्यातही वाट्याचा बांध ओढला की आतली फाइल-व्यवस्था आपोआप ओढली जाते, आणि दोन गोष्टींची पुन्हा एक होऊन बसते. वाटा लहान करताना हे फार जाणवते. तिथे क्रम उलटा: आधी फाइल-व्यवस्था आत घ्यायची, मग नोंद बदलायची. बांध आधी सरकवला तर उभे पीक दुसऱ्याच्या हद्दीत जाते. चालू असलेल्या लिनक्सला आपला वाटा वाढवता येतो, लहान करता येत नाही. आणि वाट्याची सुरुवात सरकवायची असेल, तर सगळा माल उचलून पुढे मांडावा लागतो. अशा वेळी वीज गेली तर खरेच नुकसान होते. आपल्याकडचे भारनियमन ध्यानात घेता बॅटरीवर चालणारा लॅपटॉपच घ्यावा.

सातबाऱ्याची उपमा एका जागी तुटते, तेही सांगितले पाहिजे. जमीन हलत नाही. कार्डातली जागा हलते. कार्डातला नियंत्रक झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून एकाच क्रमांकाचा सेक्टर आज इथे, उद्या तिथे लिहितो. आपण मोजतो ते क्रमांक, माती नव्हे.

राहिली 'आधी प्रत करा' ही ओळ. बत्तीस जीबीच्या कार्डाची संपूर्ण प्रत तेवढीच जागा मागते, आणि शाळेच्या जुन्या संगणकावर ती नसते. म्हणून ही सूचना वाचून सोडून दिली जाते. मुलांच्या फाइली तेवढ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि वाट्यांच्या सुरुवातीचे आकडे वहीत उतरवा, असे लिहिले असते तर सरांनी नक्की केले असते. आता आमच्या प्रत्येक कार्डाबरोबर खडूच्या डबीत एक चिठ्ठी जाते. तिच्यावर दोनच आकडे असतात: ८१९२ आणि ५३२४८०.